संगीनवाले साडूभाऊ

जगाच्या इतिहासात जे काही घडलं ते धर्मामुळे घडलं नाही, पैशामुळे नाही, बाईमुळे तर नाहीच. बंदुकीच्या टोकाला सुरी कशी अडकवायची हे कोणाला आधी कळलं आणि कोणाला उशिरा, एवढ्यावर सगळं ठरलं, असं छातीठोकपणे सांगणारा मुंबईच्या उपनगरांत एकच माणूस आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. थोरला साडू. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. लग्न ठरवताना आपण मुलगी बघतो, सासू-सासरे बघतो, फार तर मेहुणा काय करतो ते विचारतो. साडू बघून घ्यायची पद्धत आपल्याकडे नाही. ही आपल्या समाजातली एक मोठी त्रुटी आहे असं मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. मेहुण्याशी भांडता येतं, सासऱ्यांपुढे गप्प बसता येतं, पण साडू ही अशी जात आहे की तिच्याशी भांडलं तर दोन बहिणी भांडतात आणि गप्प बसलं तर संगिनीचा इतिहास ऐकावा लागतो. मी गप्प बसत आलो.

एवढं ऐकून कोणालाही वाटेल की साडूभाऊ लष्करात असतील. नव्हते. पाय सपाट आणि नवव्या वर्षापासून जाड भिंगाचा चष्मा, त्यामुळे लष्कराने त्यांना घेतलं नाही आणि देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनी सबंध नोकरी एका औषधाच्या कंपनीत बाटल्यांवरची लेबलं तपासण्यात काढली. मात्रा बरोबर आहे का, अक्षर उलटं पडलं आहे का, बारीक छापलेली सूचना नवऱ्याला न दिसता फक्त बायकोला दिसेल इतकी बारीक आहे का, हे बघायचं काम. त्यामुळे दुसऱ्याची चूक शोधण्याची त्यांची नजर अशी तयार झाली की लग्नपत्रिका हातात आली तरी ते आधी ती उन्हात धरतात. शौर्याचं म्हणाल तर घरात कलिंगड आणलं की ते गॅलरीत जाऊन उभे राहतात. 'पातं आणि माझं नातं अभ्यासाचं आहे,' असं ते म्हणतात. कलिंगड ताई चिरते. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी मेहुणी.

त्यांचं पहिलं दर्शन मला दिवाळसणाला झालं. मी नवा जावई, अंगावर नवा सदरा, पुढ्यात फराळाचं ताट, आणि शेजारी हे. मी कोणत्या कंपनीत आहे, पगार काय, असलं काहीही न विचारता त्यांनी पाण्याची बाटली उचलली, तिच्या तोंडात चमचा दांड्याच्या बाजूने कोंबला आणि माझ्यापुढे धरली. म्हणाले, "ओत."

मी म्हटलं, "चमचा काढल्याशिवाय कसं ओतणार?"

"करेक्ट! अरे, युरोपातल्या शहाण्यांना हेच कळायला कितीतरी वर्षं गेली. पहिली संगीन अशी होती. मूठ थेट नळीत कोंबायची. कोंबली की बंदुकीचा भाला झाला, पण गोळी बंद. आणि समोरून शत्रू धावत येतोय. स्कॉटलंडात एका लढाईत शिपाई कोंबत बसले आणि समोरचे डोंगरावरून खाली आलेसुद्धा. वाट लागली." एवढं बोलून त्यांनी माझ्या बायकोचा हात धरला, तिची एक नवी बांगडी काढली, बाटलीच्या गळ्यात घातली, बांगडीच्या बाजूला चमचा धरला आणि म्हणाले, "मग ही आली. नळीभोवती कडं, कड्याला पातं. आता ओत." मी ओतलं. पाणी माझ्या चिवड्यात पडलं. सासूबाई तेव्हा होत्या, त्या आतून म्हणाल्या, "थोरल्या जावयबापूंना किती माहिती आहे नाही?" त्या दिवसापासून त्या घरात मी धाकटा तो धाकटाच राहिलो.

साडूभाऊंना मोजपट्टी लागत नाही. ते सगळं संगिनीत मोजतात. पहिल्या महायुद्धातल्या इंग्रजी संगिनीचं पातं सतरा इंचांचं होतं, तेच त्यांचं माप. त्यांच्या इमारतीचं पुनर्बांधणीचं काम निघालं तेव्हा वास्तुरचनाकाराने विचारलं, 'ओटा केवढा हवा?' हे म्हणाले, 'पाच संगिनी.' तो बिचारा तरुण माणूस, त्याला वाटलं ही एखादी नवी कंपनी असेल, त्याने लिहून घेतलं. मुलुंडच्या भाजीबाजारात तर मी त्यांच्याबरोबर जाणं सोडलं आहे. शेवग्याची शेंग हातात आली की त्यांचा डावा पाय आपोआप पुढे पडतो. एकदा त्यांनी पडवळ आणि शेंग शेजारी धरून मला पात्यांची लांबी समजावून सांगितली आणि शेवटी शेंगेने हवेत असा काही वार केला की भाजीवाली टोपलीमागे सरकून ओरडली, "ओ काका, घ्यायची तर घ्या ना, भोसकताय काय सकाळी सकाळी!" त्यांनी शांतपणे तिला सांगितलं की सकाळच्या हल्ल्यातच संगिनीचा उपयोग जास्त झाला आहे.

माझ्या पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. मुलगा बुटका, मुलगी चांगली उंच. सगळे पाहुणे ते न दिसल्यासारखं करून अक्षता टाकत होते. साडूभाऊंना आशीर्वादपर दोन शब्द बोलायला कोणी सांगितलं मला माहीत नाही, पण माईक त्यांच्या हातात गेला आणि ते म्हणाले, "बंदूक आखूड झाली तेव्हा इंग्रज घाबरले नाहीत. त्यांनी संगीन लांब केली. दोघांची मिळून लांबी पुरेशी असली की संसाराचं रक्षण होतं." ते बोलले ते इतिहासाच्या दृष्टीने शंभर टक्के खरं आहे, मी नंतर ताडून पाहिलं. पण मुलीच्या आईने आमच्याकडचे पेढे परत पाठवले, आणि पुतण्या त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

चूक दिसली की त्यांना ती दुरुस्त केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. घाटकोपरला आमच्या गल्लीच्या गणपतीला एका वर्षी अठराशे सत्तावनचा देखावा होता. पोरांनी मेहनत घेऊन पुठ्ठ्याचे शिपाई केले होते, दिवे लावले होते, मागे तोफांचे आवाज. साडूभाऊ सहकुटुंब दर्शनाला आले, हात जोडले, डोळे उघडले आणि सरळ मखराच्या बाजूने वर चढले. का, तर शिपायांच्या बंदुकीला चपट्या सुरीसारख्या संगिनी लावल्या होत्या, आणि त्या काळी आपल्या शिपायांकडे तीन धारांची, टोकाकडे निमुळती होत गेलेली संगीन होती. कार्यकर्ते खालून ओरडत होते, "काका, उतरा ना यार, आरती सुरू होतेय!" हे वरून म्हणाले, "बाप्पा बुद्धीची देवता आहे. त्याला हे चालणार नाही." शेवटी त्यांना दोघांनी उचलून खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलुंडहून रिक्षाने बावीस त्रिकोणी संगिनी घेऊन हजर. पुठ्ठा, त्यावर चंदेरी कागद, प्रत्येकीला कडं. रात्रभर ताईने कापल्या होत्या, कारण कात्री हेही पातंच. मंडळाने त्या लावल्या. त्या वर्षी आम्हाला सजावटीचं बक्षीस मिळालं नाही, पण परीक्षकांच्या शेऱ्यात 'शस्त्रांचा अभ्यास विशेष' असं एक वाक्य होतं. त्या शेऱ्याची छायाप्रत साडूभाऊंच्या पाकिटात आजही आहे, नातवाच्या फोटोच्या पुढे.

गंमत अशी की या माणसाकडे खरी संगीन एकही नव्हती. कायद्याची त्यांना भयंकर धास्ती. पोलीस नुसता रस्ता ओलांडताना दिसला तरी हे खिशातून ओळखपत्र काढतात. म्हणून त्यांनी भांडुपच्या एका सुताराकडून सागाच्या संगिनी करून घेतल्या. एकेचाळीस. त्यात ती दुसऱ्या महायुद्धातली नुसत्या खिळ्यासारखी संगीनसुद्धा आहे, जिला शिपाई शिव्या घालत, कारण तिने माणूस मरत असेल पण साधा पाव कापता येत नसे. सगळ्या पलंगाच्या पेटीत, प्रत्येकीला लेबल, अर्थात अक्षर न् अक्षर तपासलेलं. ताई एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "अगं, कूस बदलली की मला वाटतं पहारा बदलला."

आणि जुन्या वस्तूच्या बाबतीत त्यांचं सोवळं एखाद्या याज्ञवल्क्याला लाजवेल असं. जुन्या पोलादावरचा गंज, ओरखडा, डाग, सगळं म्हणजे पुरावा. त्याला हात लावायचा नाही. संग्राहकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ठाण्याच्या एका हौशी गृहस्थाने आपल्या आजोबांची संगीन घासून-पुसून लखलखीत करून तिचा फोटो टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले. साडूभाऊंनी लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली,' आणि ग्रुप सोडला. त्या गृहस्थांच्या घरी सांत्वनाचे फोन दोन दिवस चालू होते.

खरी संगीन घराण्यात एकच होती, आणि ती आमच्या सासऱ्यांकडे. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. मूळचे मालवणकडचे, तरुणपणी आठ वर्षं लष्करात, मग कांजूरमार्गच्या एका कारखान्यात नोकरी, आणि नंतर सगळं आयुष्य मुलुंडला. सरहद्दीवर लढलेला माणूस म्हणून त्यांना सोसायटीत मान होता. लिफ्टमध्ये लोक त्यांना आधी जाऊ देत. ते स्वतः लढाईबद्दल कधी बोलत नसत. बोलायच्या त्या सासूबाई. 'ह्यांनी काय काय पाहिलंय,' एवढंच म्हणून त्या डोळ्याला पदर लावत, आणि आम्ही पुढचं विचारत नसू. देवघराच्या बाजूला भिंतीवर चामड्याच्या म्यानात ती संगीन टांगलेली. म्यान गंजून धरून बसलंय, निघत नाही, असं अण्णा सांगत. तिच्या परवान्याचा कागद साडूभाऊंनीच पोलीस चौकीत दहा खेपा घालून करून घेतला होता. दर खंडेनवमीला ती पाटावर यायची. शेजारी विळी, माझा लॅपटॉप, ताईचं शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. साडूभाऊ त्या पाटासमोर असे बसत की देवासमोर तसे मी त्यांना कधी पाहिलं नाही. मुठीवरची अक्षरं वाचून त्यांनी सांगितलं होतं की ही हिंदुस्थानात बनलेली, आखूड पात्याची, बारा इंची. पण पातं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. तीस वर्षं हा माणूस सासऱ्यांच्या म्यानाकडे बघत श्रीखंड खात आला.

आणि श्रीखंड खाताना ठरलेलं व्याख्यान असे. धारेचं. "लोकांना वाटतं संगिनीला धार असतेच. चूक! शांततेच्या काळात संगीन बोथट देतात. पोरं कवायतीत एकमेकांना कापतील म्हणून. लढाईचा हुकूम आला की मगच शस्त्रागारातला कारागीर धार लावतो. तेव्हा जुनी संगीन हातात आली की मी आधी धार बघतो. धार नाही म्हणजे ती लढाईला गेलेली नाही. मग तिचा मालक काहीही सांगो." दर वर्षी हेच, वाटीतलं श्रीखंड संपेपर्यंत. दर वर्षी याच ठिकाणी अण्णा पानावरून उठून हात धुवायला जात. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी जेवण जात नाही. मला हे आता कळतं. तेव्हा मी फक्त त्यांच्या पानातली उरलेली पुरी कोणाची यावर डोळा ठेवून होतो.

गेल्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टची गोष्ट. अण्णांना नव्वद पुरी झाली होती. मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक संघाने झेंडावंदनानंतर त्यांचा सत्कार ठरवला. ठरवला म्हणजे साडूभाऊंनी ठरवायला लावला. सत्कारानंतर त्यांचं स्वतःचं भाषण, 'संगीन: इतिहास आणि सत्य'. त्यांनी दीड तास मागितला, संघाने बारा मिनिटं दिली, कारण नंतर बटाटेवडे गार होतात. तरी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असा श्रोतृवर्ग मिळणार होता जो नातेवाईक नव्हता. पाहुणे म्हणून एक निवृत्त कर्नल येणार होते. आणि भाषणाचा शेवट असा की सगळ्यांसमोर संगीन म्यानातून बाहेर काढायची आणि तिची धार कर्नलसाहेबांना दाखवायची. एका खऱ्या लढवय्याची खरी संगीन. फलकावर तसं लिहूनही झालं होतं.

अण्णा तीन वेळा नको म्हणाले. "माका कशाक सत्कार? पाय दुखतत." साडूभाऊंनी तो विनय समजून दर वेळी जास्त जोराने टाळी वाजवली.

सत्काराच्या दोन दिवस आधी साडूभाऊ मला घेऊन अण्णांकडे गेले. बारीक ब्रश, सुती फडकं, खोबरेल तेल, रबरी मोजे, असा शस्त्रक्रियेचा सरंजाम. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत. म्यानाच्या तोंडाशी थेंब थेंब तेल सोडून, मूठ हळूहळू हलवून, साडूभाऊ पाऊण तास घामाघूम झाले. मी म्यान धरलं होतं. शेवटी ते पातं एकदम सुटलं, आणि आम्ही दोघंही मागे बसलो.

गंज नव्हताच. पात्यावर पिवळटलेलं, मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस होतं, कारखान्यातून पेटीत भरताना लावतात तसं. त्यानेच ते म्यानाला चिकटलं होतं. म्हणजे ही संगीन कधी पुसलीसुद्धा नव्हती, कोणाच्या बंदुकीला लागणं दूरच. साडूभाऊंनी मोजा काढला आणि उघडा अंगठा पात्याच्या कडेवरून हळूच फिरवला. मला कलिंगडाची आठवण झाली. अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. कड पाटीच्या कडेसारखी बोथट होती.

खरं सांगतो, माझ्या पोटात एक आसुरी आनंद उठला. तीस वर्षं मी धाकटा होतो. तीस वर्षं या घरात शौर्य सासऱ्यांचं, ज्ञान साडूचं, आणि माझं काम पिशव्या उचलण्याचं. आणि आता एका बोथट पात्याने दोघांचीही एकदम जिरली होती! मी साडूभाऊंच्या तोंडाकडे पाहत होतो, की आता हा सत्यवादी काय बोलतो. ठाण्याच्या माणसाला श्रद्धांजली वाहणारा, बाप्पाला न सोडणारा हा माणूस आता तोंड उघडेल आणि बघू काय होतं.

तेवढ्यात मला अण्णा दिसले. ते आमच्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते, दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून, शिक्षा व्हायची वाट पाहणाऱ्या मुलासारखे. तसेच खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "काय रे, गप कित्याक झालंस? काय दिसता?"

साडूभाऊंनी पातं म्यानात सरकवलं. "ग्रीस आहे, अण्णा," ते म्हणाले. "फार ग्रीस. घरी नेऊन साफ करावं लागेल. ताई, चहा कर गं." ताई त्यांची स्वतःची बायको, वडिलांचा स्वयंपाक करायला आलेली, आत होती. तिला त्यांनी ताई म्हटलं, यावरून मला त्यांच्या मनाची अवस्था कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्यांचा फोन. "तुझ्याकडे लांब छत्रीचं कव्हर आहे का? घेऊन ये. आणि कोणाला सांगू नकोस." मी घाटकोपरहून कव्हर घेऊन गेलो. त्यांनी त्यात संगीन घातली, वरच्या खिशात परवान्याचा कागद ठेवला, तो बाहेर दिसेल असा, आणि आम्ही बाजाराकडे निघालो. कोपऱ्यावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा सायकल स्टँडवर चढवून उभा होता. त्याच्यापुढे दोन बायका विळ्या घेऊन. साडूभाऊ रांगेत तिसरे उभे राहिले. मी हळूच म्हटलं, "साडूभाऊ, अहो हे तुम्ही काय करताय? हा पुरावा आहे ना?"

"गप रे," ते म्हणाले. ते रांगेत एक पाऊल पुढे सरकले.

नंबर आला. कव्हरातून ते पातं निघाल्यावर धारवाल्याने पायडल थांबवलं. आधी पोलिसाचा प्रश्न निघाला. साडूभाऊंनी कागद दाखवला. त्याने तो उलटा धरून वाचला आणि समाधान मानलं. मग व्यवसायाचा प्रश्न. "क्या काटने का है, साब? चिकन का मटन?"

साडूभाऊ चष्मा पुसत होते. "लढाई का है," ते म्हणाले.

त्याने मान हलवली, उपनगरात काय काय गिऱ्हाईकं येतात अशा अर्थाची, आणि दगड फिरवला. पहिली ठिणगी उडाली तेव्हा साडूभाऊंनी माझं मनगट पकडलं. भाजीवाली ओळखीची होती, ती समोरून बघत होती, तिने टोपली जरा मागे ओढून घेतली. पोलादाला ज्याने आयुष्यभर बोट लावू दिलं नाही तो माणूस भर बाजारात उभं राहून घराण्यातल्या एकुलत्या एका खऱ्या संगिनीवर खोटं लिहून घेत होता, आणि वर कारागिराला सांगत होता, "जादा चमकाने का नहीं. पुराना दिखना चाहिए." घरी येऊन त्यांनी त्या धारेला चहाची पत्ती, मीठ आणि लिंबू लावून ती काळवंडवली. लिंबू त्यांनी स्वतः चिरलं.

पंधरा ऑगस्टला संघाच्या सभागृहात साठ-सत्तर म्हातारे-म्हाताऱ्या, दारात वड्यांचा वास, आणि व्यासपीठावर अण्णा. शाल, श्रीफळ, फेटा. फेट्याखाली त्यांचा चेहरा इतका लहान दिसत होता की माझी बायको रडायला लागली, तिला वाटलं आपण अभिमानाने रडतोय. साडूभाऊंचं भाषण अगदी सुमार झालं. स्कॉटलंड विसरले, कडं विसरले, सातव्या मिनिटालाच शेवटावर आले. धारेचा नियम मात्र त्यांनी अक्षर न् अक्षर सांगितला. मग म्यानातून पातं काढून दोन्ही हातांनी कर्नलसाहेबांपुढे धरलं. कर्नलनी बोटाने कड पाहिली, एकदा साडूभाऊंकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ, आणि मग अण्णांकडे वळून खाडकन सलाम ठोकला. त्यांना काय कळलं आणि काय नाही हे मी सांगू शकत नाही. टाळ्या मात्र खूप झाल्या.

वडे खायला सगळे दारापाशी गेले तेव्हा व्यासपीठावर आम्ही तिघंच होतो. अण्णांनी संगीन मांडीवर घेतली होती. ते म्हणाले, "ही धार कोणी लावली रे?"

साडूभाऊ म्हणाले, "लढाईचा हुकूम आल्यावर लावतात, अण्णा. तशीच लावलेली दिसते."

अण्णांनी पातं म्यानात सरकवलं. मग सांगू लागले. "मी खय गेलंय रे सरहद्दीर? डेपोत कारकून होतंय. पेटयेतल्यो संगिनी मोजूचंय. हजारांनी मोजलंय. पोरां घेवन जायत. परत काय सगळी येयत नाय. ही तर मी मागसून कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडसून आणलंय. तुझी सासू लोकांका काय ता सांगी, आणि माका तिका नाय म्हणवला नाय." मग त्यांनी साडूभाऊंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. सासऱ्यांनी माझ्या गुडघ्यावर कधी हात ठेवला नाही. पण त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं नाही.

अण्णा त्याच वर्षी थंडीत गेले. लिफ्टपर्यंत सगळी सोसायटी आली होती. दोघी बहिणींनी वाटण्या केल्या तेव्हा संगीन साडूभाऊंनी घ्यावी हे कोणाला सांगावंही लागलं नाही. नवा परवाना, पोलीस चौकीच्या पुन्हा दहा खेपा, आणि अखेर वयाच्या सहासष्टाव्या वर्षी या माणसाकडे एक खरी संगीन आली. ती त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर आहे. आम्ही अजून त्यांची थट्टा करतो, ते अजून लोकांच्या चुका काढतात, परवा एका मालिकेला पत्र गेलं. पण धारेचं व्याख्यान त्यांनी बंद केलं आहे, आणि श्रीखंड खाताना मला ते चुकल्यासारखं वाटतं हे मी कबूल करतो.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा त्यांच्याकडे दोन तरुण संग्राहक आले होते. साडूभाऊंनी पलंगाची पेटी उघडून त्यांना एकेचाळीसच्या एकेचाळीस लाकडी संगिनी दाखवल्या, लेबलं वाचून दाखवली, बाटली-चमचाही झाला. निघताना त्यातल्या एकाचं लक्ष भिंतीकडे गेलं. डोळे चमकले त्याचे. "काका, ही तर खरी आहे! काढून बघू? हिची काय माहिती?"

साडूभाऊ भिंत आणि तो मुलगा यांच्या मधे जाऊन उभे राहिले.

"ती अभ्यासातली नाही," ते म्हणाले. "ती आमच्या अण्णांची आहे."